कॅमेरा ड्रायव्हर: संत्रं मधूनच कापलेलं येतं, बफर नक्की कोणाच्या ताब्यात?

संत्रीवाला_हिंगणा

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. संत्र्याची प्रतवारी करणारं मशीन बनवून राहिलो. रोलरच्या पट्ट्यावरून फळ जातं, वरून कॅमेरा फोटो घेतो, व्यास आणि सालीवरचे डाग बघून पुढे हवेचा झोत फळाला त्याच्या कप्प्यात ढकलतो. आंबिया बहराचा माल ऑक्टोबरपासून कळमन्यात यायला लागतो. त्याच्या आधी काटोलच्या एका बागायतदाराकडे मशीन उभं करायचा शब्द दिला आहे.

बोर्ड चार कोरचा आर्म, त्यावर लिनक्स. सेन्सर सीएसआय-२ या कॅमेऱ्याच्या जोडणीवरून १९२० × १०८०, सेकंदाला ६० फ्रेम, पिक्सेलचा फॉरमॅट यूवायव्हीवाय. ड्रायव्हर (कर्नलमधला कॅमेरा चालवणारा कोड) चिपवाल्यांच्या नमुन्यावरून घेतला आणि आपल्या सेन्सरला जोडला. बफर, म्हणजे एकेक फ्रेम ठेवायच्या मेमरीतल्या जागा, चार.

दर पाच-दहा मिनिटांनी एखादी फ्रेम फाटून येते. चित्रात आडवी रेघ, तिच्या वरचा भाग थोड्या पुढच्या क्षणाचा, खालचा आधीचा. संत्र्याची वरची फाक पट्ट्यावर पुढे सरकलेली आणि उरलेलं फळ मागेच. प्रोग्रामला ती दोन छोटी फळं वाटतात, आणि चांगलं मोठं संत्रं चुरीच्या (बारीक फळांच्या) कप्प्यात जातं. नुसता कॅमेरा चालवला तर दिवसभर काही होत नाही, प्रतवारीचा कोड आणि झोताचे व्हॉल्व्ह सुरू केले की होतं. इंटरप्ट (हार्डवेअरची हाक) आला की चालणाऱ्या हँडलरमध्ये जागोजागी प्रिंटके, म्हणजे कर्नलचे संदेश छापणाऱ्या ओळी, टाकून पाहिलं तर फाटणं उलट वाढलं!

दुसरी तक्रार, प्रोग्राम बंद करताना कधी कधी कर्नल व्हीबी२ची (व्हिडिओचे बफर सांभाळणाऱ्या त्याच्या भागाची) वॉर्निंग टाकतो. एकदा लिस्ट करप्शनही आलं आणि बोर्ड रीस्टार्ट करावा लागला. दोन्हींचं मूळ एकच आहे का?

धरमपेठकर

पहिला संशय कॅशवर घ्या. डीएमएने (सीपीयूला मध्ये न घेता हार्डवेअरने) मेमरीत लिहिलं पण सीपीयूच्या कॅशमध्ये जुनंच पडून असेल तर चित्र असं मिश्र दिसतं. बफर कॅश होणाऱ्या मेमरीत आहेत का, आणि सिंक होतो का, ते तपासा.

अंबाझरी_काठ

काका, कॅशचा दोष असा दिसत नाही. कॅशची ओळ बहुतेक आर्म कोरांवर ६४ बाइटची असते. यूवायव्हीवायमध्ये एका पिक्सेलला २ बाइट, म्हणजे ३२ पिक्सेल लांबीच्या बारीक चिंध्या चित्रभर विखुरलेल्या दिसतील. भाऊंच्या चित्रात रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ आहे आणि तिच्या वर सगळं नवं, खाली सगळं जुनं. याचा अर्थ प्रोग्राम बफर वाचत असतानाच हार्डवेअर त्याच बफरमध्ये वरून खाली पुढची फ्रेम लिहीत होतं.

संत्रीवाले भाऊ, तीन गोष्टी सांगा. पुढच्या बफरचा पत्ता रजिस्टरमध्ये कधी लिहिता, फ्रेम सुरू झाल्याच्या इंटरप्टमध्ये की संपल्याच्या? ते रजिस्टर लगेच लागू होतं की पुढच्या फ्रेमच्या सुरुवातीला? आणि फाटलेल्या फ्रेमच्या लगेच नंतरची फ्रेम सांभाळून ठेवली आहे का? माझा अंदाज असा की ती फाटलेली नसेल, पण शिळी असेल. चार फ्रेम आधीचं चित्र.

संत्रीवाला_हिंगणा

ताई, आत्ताच साठवलेल्या फ्रेम काढून बघितल्या. फाटलेल्या प्रत्येक फ्रेमच्या पुढची फ्रेम जुनी आहे. पट्टा एकदम मागे गेल्यासारखा दिसतो. ते मी आमच्या ट्रॅकिंगच्या कोडची चूक समजून महिनाभर तिकडेच शोधत होतो.

पत्ता फ्रेम संपल्याच्या इंटरप्टमध्ये लिहितो. तिथेच भरलेला बफर व्हीबी२_बफर_डन करून वर देतो. रजिस्टर छायेतलं आहे, मॅन्युअलप्रमाणे फ्रेम सुरू होताना त्यातला पत्ता आत उचलला जातो.

अंबाझरी_काठ

मग सगळं जुळलं. जरा सविस्तर लिहिते, कारण हा दोष मी तीन वेगवेगळ्या ड्रायव्हरांत पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी लोक सेन्सर नाहीतर केबल बदलत बसले.

सेन्सरच्या सेटिंगमध्ये फ्रेमची एकूण लांबी बहुधा ११२५ ओळी असेल, त्यातल्या १०८० चित्राच्या आणि ४५ रिकाम्या. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एक फ्रेम १६.६७ मिलिसेकंदांची, एक ओळ सुमारे १४.८ मायक्रोसेकंदांची. रिकाम्या ४५ ओळींचे होतात साधारण ६६७ मायक्रोसेकंद. फ्रेम संपल्याचा इंटरप्ट आल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत तुमच्या हाती तेवढाच वेळ आहे. तेवढ्यात हँडलर चालला आणि पत्ता बदलला तर ठीक. ७०० मायक्रोसेकंद उशीर झाला तर हार्डवेअरने जुनाच पत्ता उचललेला असतो.

आता बफरांना अ, ब, क, ड म्हणू. अ भरला. हँडलर उशिरा आला, त्याने छायेत ब लिहिला आणि अ प्रोग्रामला देऊन टाकला. पण हार्डवेअर नवी फ्रेम अ मध्येच लिहू लागलं आहे. ही तुमची फाटलेली फ्रेम. ती फ्रेम संपल्यावर हँडलर पुन्हा येतो. त्याच्या समजुतीप्रमाणे ब भरला, म्हणून तो ब देऊन टाकतो. ब मध्ये या फेरीत एक बाइटही लिहिलेला नाही, त्यात मागच्या फेरीचं चित्र आहे. ही तुमची शिळी फ्रेम. त्यानंतर क पासून गाडी रुळावर येते, म्हणून दोष क्वचित आणि जोडीने दिसतो.

कळमन्यात कॅरेट भरताना पाहिलं असेल. भरणारा खाली मान घालून समोरच्या कॅरेटमध्ये फळं टाकत राहतो. उचलणाऱ्याने ‘आता तो पुढच्या कॅरेटकडे वळला असेल’ असं धरून चाललं, तर एक कॅरेट भरता भरता ट्रकवर चढतं आणि दुसरं रिकामंच जातं. भरणाऱ्याचा हात कुठे आहे ते बघून उचलायचं. ड्रायव्हरमध्येही इंटरप्ट आला म्हणून बफर सोडायचा नाही. हार्डवेअरने दुसरा पत्ता उचलला आहे याची खात्री झाली की मगच सोडायचा.

प्रिंटकेने वाढलं त्याचंही कारण यातच आहे. सीरियल कन्सोल ११५२०० बॉडवर असेल तर सेकंदाला ११,५२० अक्षरं जातात. ऐंशी अक्षरांची एक ओळ म्हणजे जवळपास ७ मिलिसेकंद. ६६७ मायक्रोसेकंदांच्या फटीत ७ मिलिसेकंदांचं काम घुसवलंत. हँडलरमध्ये ट्रेस_प्रिंटके वापरा, तो मेमरीतल्या रिंगमध्ये लिहितो आणि वेळ जवळजवळ खात नाही.

वऱ्हाडी_पोट्टा

ताई, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, चुकलं तं सांगजा. रिअल टाइमवाला कर्नल लावला तं हँडलरला उशीरच होणार नाही ना? ६.१२ पासून प्रीएम्प्ट आरटी मुख्य कर्नलमध्ये आलं आहे. मंग ड्रायव्हर बदलाची गरज काऊन?

अंबाझरी_काठ

प्रश्न बरोबर आहे रे. आरटीने जास्तीत जास्त उशीर किती, याला आळा बसतो, पण ६६७ मायक्रोसेकंदांची फट तशीच राहते आणि तिच्यात अडकण्याची शक्यताही. शिवाय आरटीमध्ये बहुतेक हँडलर थ्रेडमध्ये चालतात आणि साधा स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) झोपू शकणारा होतो. त्या थ्रेडच्या वरच्या प्राधान्याचं काही चालू असेल तर हँडलर तिथेही थांबतो. फट रुंद करता येत असताना आधी तीच करावी.

बेंगळुरूतला_नागपूरकर

इथे कॅमेऱ्याच्याच ड्रायव्हरांवर काम करतो, म्हणून थोडी भर घालतो.

पत्ता फ्रेम सुरू झाल्याच्या इंटरप्टमध्ये लिहा. सुरू झाल्याचा इंटरप्ट आला म्हणजे हार्डवेअरने अ उचलला. आता लगेच छायेत ब लिहून ठेवा. त्याची गरज पडणार पुढच्या फ्रेमच्या सुरुवातीला, म्हणजे १६ मिलिसेकंदांहून जास्त वेळ हाताशी आला. तेच हार्डवेअर, तेच रजिस्टर, फक्त लिहायची जागा बदलली आणि वेळ पंचवीसपट झाला.

त्यासाठी ड्रायव्हरमध्ये दोन वेगळे पॉइंटर हवेत. एक ‘चालू’, ज्यात आत्ता लिहिलं जातं आहे. दुसरा ‘पुढचा’, ज्याचा पत्ता छायेत आहे. बाकीचे रांगेत. नमुन्याच्या ड्रायव्हरमध्ये एकच पॉइंटर असतो आणि सगळा घोळ तिथे होतो, कारण ‘सांगितलं’ आणि ‘घेतलं’ या दोन अवस्था त्याने एक मानलेल्या असतात. किमान तीन बफर लागतील, चार आहेत ते पुरे.

आणि भाऊ, मॅन्युअलमध्ये आत्ता लिहीत असलेला पत्ता सांगणारं एखादं वाचायचं रजिस्टर आहे का बघा. असेल तर प्रत्येक वेळी तपासून घ्या.

संत्रीवाला_हिंगणा

आहे, सापडलं. चालू डीएमए पत्ता वाचता येतो आणि हार्डवेअरचा स्वतःचा फ्रेम काउंटरही आहे. नमुन्याच्या ड्रायव्हरमध्ये दोन्ही वापरलेले नाहीत.

एक शंका आहे. प्रोग्राम मागे पडला आणि रांग रिकामी असली तर ‘पुढचा’ कुठून आणू? आणि प्रोग्रामने बफर परत दिला की तो घेणाऱ्या बफ_क्यू फंक्शनमध्येच थेट रजिस्टर लिहून टाकला तर एक फ्रेम वाचणार नाही का?

धरमपेठकर

कॅशबाबत माझं चुकलं, अंबाझरीताईंचं निदान पटलं. या प्रश्नावर मात्र माझा अनुभव आहे. एक राखीव भंगार बफर ठेवायचा. रांग रिकामी असली की त्याचा पत्ता द्यायचा. जे यायचं ते त्यात पडू दे, कोणी वाचणार नाही.

बेंगळुरूतला_नागपूरकर

काका, तोही रस्ता चालतो, बरेच ड्रायव्हर तसंच करतात. पण या मापाची एक फ्रेम ४१,४७,२०० बाइटची. एवढी सलग मेमरी नुसती फेकण्यासाठी धरून ठेवायची छोट्या बोर्डावर जिवावर येतं. दुसरा मार्ग असा: ‘पुढचा’ नसेल तर ‘चालू’ बफर सोडायचाच नाही. हार्डवेअर त्याच्यावरच पुन्हा लिहील, लिहू द्या. रांगेत नवा आला की पुढच्या सुरुवातीला त्याचा पत्ता द्या आणि हार्डवेअर त्याच्यावर गेल्यावर जुना सोडा. प्रोग्रामला त्यामुळे सगळ्यात ताजी फ्रेम मिळते. संत्रं प्रवासात असताना शिळ्या फ्रेमचा उपयोगच नाही.

भंगार बफर घ्यायचा तो हार्डवेअर एकाच पत्त्यावर दोनदा लिहायला नकार देत असेल तर. काही चिपा तशा आहेत.

कुठलाही मार्ग घ्या, सीक्वेन्सचा आकडा (फ्रेमचा अनुक्रमांक) मात्र प्रत्येक फ्रेमला वाढवा, ती प्रोग्रामला पोचो न पोचो. आकड्यात खंड दिसला की प्रोग्रामला कळतं, मधली फ्रेम गेली. पट्ट्यावर फळ किती सरकलं याचा हिशेब तुम्ही फ्रेम मोजून करत असाल तर हा खंड लपवणं महागात पडेल.

अंबाझरी_काठ

बफ_क्यू मधून रजिस्टर लिहिण्याबद्दल: नका लिहू. हार्डवेअर नेमकं त्याच क्षणी पत्ता उचलत असेल तर तुमचा पत्ता या फ्रेमला लागला की पुढच्या, हे तुम्हाला कळत नाही. मग पुन्हा अंदाज, म्हणजे पुन्हा तोच आजार. बफ_क्यू ने स्पिनलॉक इंटरप्ट बंद करून घ्यायचा, बफर रांगेच्या शेपटीला लावायचा, लॉक सोडायचा, बस. रजिस्टरला हात लावणारा एकच, हँडलर. स्ट्रीम सुरू करताना पहिला पत्ता लिहावा लागतो तो अपवाद, पण तेव्हा हार्डवेअर अजून थांबलेलं असतं.

तुमचा हँडलर इथे टाकता का? बाकीचं बघून सांगते.

संत्रीवाला_हिंगणा

कोड शब्दांत सांगतो, आहे त्या क्रमाने. स्टेटस रजिस्टर वाचतो. फ्रेम संपल्याचा बिट असेल तर रांगेतला पुढचा काढतो, पत्ता लिहितो, जुन्याला डन म्हणतो, मग त्याच्यावर टाइमस्टॅम्प आणि सीक्वेन्स लिहितो. शेवटी स्टेटसमध्ये बत्तीसच्या बत्तीस बिट एक करून सगळं पुसतो.

अंबाझरी_काठ

यात दोन चुका आहेत.

शेवटी सगळे बिट पुसता, म्हणजे तुम्ही वाचल्यानंतर आणि पुसण्याआधी जो इंटरप्ट आला तो कोणीही न बघता गेला. जेवढे बिट वाचले तेवढेच पुसायचे, आणि तेही सुरुवातीलाच, काम करण्याआधी. मग मध्ये आलेला इंटरप्ट तसाच उभा राहतो आणि हँडलर पुन्हा बोलावला जातो.

दुसरी जास्त घातक. डन म्हटलं की बफर तुमचा राहिला नाही. दुसऱ्या कोरवर थांबलेला प्रोग्राम त्या क्षणी जागा होऊन तो घेऊन जातो. त्यानंतर टाइमस्टॅम्प लिहिणं म्हणजे दिलेल्या कॅरेटवर ट्रक निघाल्यावर चिठ्ठी लावणं. टाइमस्टॅम्प, सीक्वेन्स, किती बाइट भरले ते, सगळं आधी, डन अगदी शेवटी. आणि टाइमस्टॅम्पची वेळ हँडलरच्या पहिल्या ओळीतच घेऊन ठेवा.

सुरू आणि संप हे दोन्ही बिट एकाच वेळी दिसले तर कोणता आधी घडला हे स्टेटस सांगत नाही. जुनी संपून नवी सुरू झाली असेल, किंवा एकच फ्रेम सुरू होऊन संपलीही असेल. तिथे हार्डवेअरचा फ्रेम काउंटर कामी येतो. मागच्या वेळेपेक्षा तो दोनने पुढे गेला असेल तर मधलं एक वळण हुकलं आहे. चालू पत्ता वाचा, तो तुमच्या पॉइंटरांशी जुळतो का बघा, आणि जुळत नसेल तर त्या फ्रेमचा बफर वर न देता परत वापरा.

आणि तपासणी रंगपट्ट्यांवर करू नका. सेन्सरचा रंगपट्ट्यांचा नमुना स्थिर असतो, त्यात फाटलेली फ्रेमही अखंड दिसते. पट्ट्यावर खडूने तिरक्या रेघा मारा, फाटली की रेघ तुटलेली लगेच दिसेल. आणि दोषाची वाट बघत बसू नका, तो मुद्दाम घडवा. दर शंभराव्या इंटरप्टला हँडलरच्या सुरुवातीला एक मिलिसेकंदाचा एमडिले (नुसतं थांबवणारी ओळ) टाका. जुना ड्रायव्हर दर वेळी फाटायला हवा, नवा एकदाही नाही.

संत्रीवाला_हिंगणा

चार दिवसांनी लिहून राहिलो. एमडिले टाकल्याबरोबर जुना ड्रायव्हर दर दीड-दोन सेकंदांनी फाटायला लागला. इतके दिवस ज्याची वाट बघत रात्री काढल्या तो दोष समोर येऊन उभा राहिला. नवा ड्रायव्हर एक मिलिसेकंदाला हलला नाही, पाचलाही नाही. मग वीस मिलिसेकंद केले. तिथे वळण हुकणारच होतं, पण काउंटरने ते पकडलं. फ्रेम गळाली, सीक्वेन्समध्ये खंड आला, पण फाटलेली किंवा शिळी एकही वर गेली नाही.

उशीर कुठून येत होता तेही सापडलं. इंटरप्ट किती वेळ बंद राहतात ते मोजणारा आयआरक्यूज-ऑफ ट्रेसर लावला. झोताच्या व्हॉल्व्हचा ड्रायव्हर मीच लिहिला होता. त्यात लॉक घेऊन इंटरप्ट बंद ठेवून ८०० मायक्रोसेकंद वाट बघत होतो, आणि कॅमेऱ्याचा इंटरप्टही त्याच कोरवर येतो. म्हणून प्रत्यक्ष फळं चालू असतानाच फाटायचं. ती वाट आता टाइमरवर टाकली.

राहिलं बंद करतानाचं. स्टॉप_स्ट्रीमिंगमध्ये लॉक घेऊन सिंक्रोनाइझ_आयआरक्यू टाकलं, म्हणजे हँडलर संपेपर्यंत थांबता येईल. बोर्ड तिथेच थिजला.

बेंगळुरूतला_नागपूरकर

थिजणारच. तुम्ही लॉक धरून हँडलर संपण्याची वाट बघताय, आणि हँडलर दुसऱ्या कोरवर तोच लॉक मिळण्याची वाट बघतोय. लॉकडेप (कर्नलचा लॉक तपासणारा भाग) चालू ठेवून बिल्ड करा, असले बरेच फास तो आधीच दाखवतो.

क्रम असा ठेवा. आधी कॅप्चरला थांबायला सांगा आणि चालू फ्रेम खरोखर संपेपर्यंत थांबा, पण वेळेची मर्यादा घालून, कारण सेन्सरची केबल निघाली असेल तर ती फ्रेम कधीच संपणार नाही. मर्यादा उलटली तर डीएमए रीसेट करा. मग इंटरप्टचा मास्क बंद करा आणि लॉक न घेता सिंक्रोनाइझ_आयआरक्यू करा. आता हँडलर कुठेच चालू नाही. मग लॉक घेऊन चालू, पुढचा आणि रांगेतले सगळे बफर एरर अवस्थेत परत द्या. तुमची वॉर्निंग इथलीच असणार. व्हीबी२ स्वतः मोजत असतो की किती बफर ड्रायव्हरकडे आहेत, आणि स्टॉप_स्ट्रीमिंग संपल्यावर एक जरी उरला तरी ओरडतो. जुन्या कोडमध्ये रांगेतले परत जात होते, पण रजिस्टरमध्ये असलेला राहून जात होता ना?

डीएमए खरंच थांबल्याची खात्री मात्र सोडू नका. बफर परत गेल्यावर प्रोग्राम ते मोकळे करेल, कर्नल ती मेमरी दुसऱ्या कोणाला देईल, आणि तुमचं हार्डवेअर अजून तिथे संत्र्याचं चित्र लिहीत असेल. मग बोर्ड कुठे पडेल याचा कॅमेऱ्याशी संबंध लावायला महिने जातात.

स्ट्रीम सुरू करतानाही बघा. सेन्सरने आय२सीवर (त्याला सेटिंग पाठवायच्या तारांवर) उत्तर दिलं नाही आणि स्टार्ट_स्ट्रीमिंग फसलं, तर तोवर आलेले सगळे बफर क्यूड अवस्थेत परत द्यावे लागतात. तिथे एरर नाही, क्यूड.

संत्रीवाला_हिंगणा

हो, रजिस्टरमधला राहूनच जात होता. आणि लिस्ट करप्शनचं कारणही दिसलं: स्टॉपमध्ये रांग रिकामी करताना लॉकच नव्हता, त्याच वेळी हँडलर त्याच रांगेतून बफर काढायचा. दोघांनी एकच काढला की झालं.

तुम्ही सांगितल्या क्रमाने लिहिलं. सुरू-बंद, सुरू-बंद असं रात्रभर स्क्रिप्टने चालवलं, मधूनच सेन्सरची केबलही उपसली. एकही वॉर्निंग नाही. व्हीफोरएल२-कंप्लायन्स हे ड्रायव्हर तपासणारं साधनही स्ट्रीमिंगच्या चाचण्यांसकट स्वच्छ गेलं.

वऱ्हाडी_पोट्टा

भाऊ, हे प्रत्यक्ष पाहाले येऊ का मी वर्कशॉपवर? कॉलेजात रेस कंडिशन म्हणून बँकेच्या खात्याचंच उदाहरण शिकवलं. आमच्याकडे बोर्ड नाही, पण लॅपटॉपवर व्हिव्हिड हा खोट्या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर लावून रांगेचा कोड वाचून राहिलो.

संत्रीवाला_हिंगणा

ये ना, रविवारी सकाळी ये. व्हिव्हिडचं बफ_क्यू आणि स्टॉप_स्ट्रीमिंग वाचून ये, मग जुना आणि नवा ड्रायव्हर आळीपाळीने लावून तुला तिरकी रेघ तुटताना दाखवतो. पट्ट्यावर टाकायला दोन कॅरेट संत्री आहेत. ताई, काका, तुम्हालाही जमलं तर या. आठच्या सुमारास तर्री पोहे येतात, त्यानंतर मशीन सुरू करू.

अंबाझरी_काठ

मी येते. दोन्ही ड्रायव्हरांचे ट्रेस काढून ठेवा, फ्रेम सुरू झाल्यापासून पत्ता लिहीपर्यंत किती वेळ जातो ते मला प्रत्यक्ष फळं चालू असताना बघायचं आहे.